विधिशास्त्रात एल.एल.एम. : बेळगावात राहून करावं का, आणि कसं?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बेळगावात एल.एल.बी., सनद घेऊन आता एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बसते. विधिशास्त्र, म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान, हा पेपर मनापासून आवडला आणि त्यातच एल.एल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करायचं आहे. घरचे म्हणतात, तत्त्वज्ञानानं पोट भरत नाही. सीनिअर म्हणतात, आधी पाच वर्षं दिवाणी कोर्ट बघ. इंग्रजीची धास्ती आहे. आणि मुख्य शंका अशी की हा विषय बेळगावात राहून शिकता येतो का, की बेंगळुरू नाहीतर पुणं गाठावंच लागतं?

मी बेळगावात दिवाणी वकिली करतो आणि नियमात बसेल तेवढं, म्हणजे दिवसाला तीन तासांच्या आत, कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. एल.एल.एम.चे बरेच प्रबंध हाताखालून गेले आहेत. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच निघतील.

बेळगावात राहून हा विषय शिकता येतो. माझ्या मते तर इथल्या विद्यार्थ्याला तो जास्त चांगला शिकता यावा, कारण विधिशास्त्राचा पहिलाच प्रश्न, म्हणजे एखादा नियम ‘कायदा’ ठरतो तो कशामुळे, आपल्याकडे महसुली फायलींत पडून आहे. आपण तो प्रश्न म्हणून बघत नाही, एवढंच.

३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री खानापूरचा शेतकरी मुंबई राज्यात झोपला आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठला. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ७ नं चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात गेला. आता त्या शेतकऱ्याच्या जमिनीवर कूळ होतं असं धरा. कुळाला संरक्षण होतं मुंबईच्या १९४८ च्या कुळकायद्याचं. तो कायदा केला मुंबईच्या विधिमंडळानं, आणि १ नोव्हेंबरला त्या विधिमंडळाचा बेळगावशी काडीचा संबंध उरला नाही. मग त्या सकाळी कुळाला संरक्षण होतं का? असेल तर कुणाच्या अधिकारानं?

व्यवहारातलं उत्तर सोपं आहे आणि ते कलम ११९ मध्ये आहे. भूप्रदेश इकडचा तिकडे झाला म्हणून, आदल्या दिवशी जो कायदा ज्या भागाला लागू होता त्यात काही बदल झाला असं समजायचं नाही. सक्षम विधिमंडळ वेगळं ठरवीपर्यंत कायद्यातला राज्याचा उल्लेख म्हणजे जुन्या हद्दीचाच उल्लेख. म्हणूनच कर्नाटकच्या कायद्यांत आजही ‘बेळगाव क्षेत्र’ असा शब्दप्रयोग भेटतो. तो नुसत्या बेळगाव जिल्ह्यापुरता नाही. मुंबई राज्यातून आलेले विजापूर, धारवाड आणि कारवारचे जिल्हेही त्यात येतात. कोर्टात आपण हे कलम सांगतो आणि पुढं जातो. विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यानं तिथं थांबायचं असतं.

आधी जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिशास्त्रज्ञाला विचारा. १८३२ च्या त्याच्या व्याख्यानांत कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि सार्वभौम म्हणजे ज्याची आज्ञा लोक सवयीनं पाळतात आणि जो स्वतः कुणाची तशी पाळत नाही. संघराज्यात मुंबईच्या विधिमंडळाला सार्वभौम म्हणायचं का, हा घोळ आहेच. तो सध्या बाजूला ठेवा. पण आज्ञा देणाराच गेला, तर आज्ञा कुठं राहिली? ऑस्टिनच्या बाजूनं एक पळवाट सांगतात: नव्या सार्वभौमानं जुना कायदा रद्द केला नाही, म्हणजे मूकपणे तीच आज्ञा दिली. म्हणजे म्हैसूरच्या विधिमंडळाची ती मूक आज्ञा. वरवर पटतं. ऑक्सफर्डच्या एच.एल.ए. हार्टनं १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या पुस्तकात याच पळवाटेला हात घातला आहे. इंग्लंडमध्ये १९४४ साली एका बाईला १७३५ च्या चेटूक कायद्याखाली शिक्षा झाली. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांचा हुकूम १९४४ च्या न्यायालयानं का मानावा? मौन म्हणजे आज्ञा म्हणायची, तर न्यायालयानं तो कायदा लावला त्या घटकेपर्यंत आजच्या सार्वभौमाच्या तो ध्यानीमनीही नव्हता, मग आज्ञा दिली कधी? हार्टचं उत्तर असं की न्यायाधीश, अधिकारी मंडळी आज एक नियम स्वीकारून वागतात: अमुक रीतीनं, अमुक पदावरच्यांनी केलेलं ते कायदा. तो नियम पदाला धरून असतो, माणसाला धरून नसतो. त्यामुळं माणसं गेली तरी कायदा उरतो.

आता खानापुरातून चोर्ला घाट उतरून गोव्यात जा. तिथं १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता गेली, पण संहिता राहिली. भारतीय संसदेनं १९६२ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये म्हटलं की आधी लागू असलेले कायदे दुरुस्त किंवा रद्द होईपर्यंत पुढं चालू राहतील. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं होझे पावलो कुतिन्हो खटल्यात स्पष्ट केलं की ही संहिता मुळात परकी असली तरी आज चालते ती भारतीय संसदेनं चालू ठेवली म्हणून.

बेळगावचा कुळकायदा राहिला आणि गोव्याची संहिताही राहिली. दोन्हीकडं माणसाला अनुभव एकच: कालचाच कायदा आज. पण व्हिएन्नाचा विधिशास्त्रज्ञ हान्स केल्सन याला विचारलंत तर तो म्हणेल, या दोन गोष्टी मुळीच एक नव्हेत. बेळगावात सगळा फेरफार संविधानाच्या अनुच्छेद ३ खाली झाला. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला त्या अनुच्छेदानंच दिलेला आहे. मूळ आधार, ज्याला केल्सन ग्रुंडनॉर्म म्हणतो, तो जसाच्या तसा. गोव्यात आधारच उखडला गेला आणि नव्या आधारावर जुना मजकूर आणून बसवला. केल्सनचं म्हणणं नेमकं हेच आहे की क्रांतीनंतर किंवा सत्तांतरानंतर जुने कायदे चालू राहिले तरी ते तेच कायदे नसतात; मजकूर तोच, प्रामाण्याचं कारण वेगळं. उत्तरपत्रिकेत ‘१९५६ ला सीमाभागात ग्रुंडनॉर्म बदलला’ असं दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. बदलला नाही. पाकिस्तानात १९५८ च्या डोसो खटल्यात लष्करी उठावाला केल्सनच्या नावानं मान्यता देण्यात आली, आणि १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं ती चूक ठरवली. ग्रुंडनॉर्मचं उदाहरण द्यायचं तर ते.

हे एवढं विस्तारानं लिहिलं, कारण तुम्हाला पद्धत दिसावी म्हणून. हार्ट आणि केल्सन ऑक्सफर्ड-व्हिएन्नाचे खरे, पण त्यांचे प्रश्न तुमच्या आजोबांच्या उताऱ्यावर आहेत. कुळकायद्याचंच आणखी एक पाऊल पुढं टाका. चंदगड मुंबई राज्यात राहिला, म्हणून तिथलं कूळ १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, जमिनीचं मानीव खरेदीदार झालं, म्हणजे कायद्यानंच त्यानं जमीन विकत घेतली असं धरलं. इकडं मात्र कर्नाटकच्या १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यात १९७४ ला मोठी दुरुस्ती झाली आणि कुळांच्या जमिनी १ मार्च १९७४ ला सरकारात निहित झाल्या, म्हणजे सरकारच्या मालकीच्या झाल्या. मग कुळानं सात नंबरचा फॉर्म भरून लँड ट्रिब्युनलसमोर जायचं आणि हक्क शाबीत करायचा. आजही आपल्याकडच्या दाव्यांत ‘सात नंबरचा फॉर्म भरला होता का?’ हा प्रश्न उलटतपासणीत येतो. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरची दोन कुळं, दोघांचं मूळ संरक्षण एकाच कायद्यातलं, आणि पुढं दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या. अमेरिकन विधिशास्त्रज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन म्हणतो, राज्यसंस्थेनं आपल्या सगळ्या नागरिकांशी एकाच सुसंगत तत्त्वानं वागायला हवं. कुठली राज्यसंस्था? भारत, की कर्नाटक आणि महाराष्ट्र वेगवेगळे? या एका प्रश्नावर चांगला प्रबंध होतो, आणि तो दिल्लीत बसलेल्या विद्यार्थ्याला सुचायचा नाही.

आता धोक्याची सूचना. सीमाभागातला मराठी विद्यार्थी हा विषय घेतो तेव्हा दहातले आठ जण प्रबंधाचा विषय आणतात ‘सीमाप्रश्न आणि न्याय’. मी परत पाठवतो. भावना चुकीची असते म्हणून नव्हे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावलेला आहे. तिथं वादीची बाजू मांडायला मोठमोठे वकील आहेत. तुमचं काम वादपत्र लिहायचं नाही. कायदा काय आहे आणि कायदा काय असायला हवा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला बेंथमपासून हार्टपर्यंतची मंडळी सांगत आली. ते वेगळे ठेवताच येत नाहीत असं अमेरिकेचाच लॉन फुलर आणि ड्वॉर्किन आपापल्या परीनं सांगतात. कुणाचं खरं, हे ठरवायच्या आधी ते वेगळे ठेवून बघण्याची सवय लागते, आणि जिथं आपलं मन आधीच एका बाजूला आहे तिथं ही सवय लावणं सगळ्यात अवघड जातं. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक सक्ती करतो: सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल घ्या, आणि त्यातली जी शिफारस तुम्हाला सगळ्यात जास्त बोचते तिच्या समर्थनार्थ दोन पानं लिहा, अशी की वाचणाऱ्याला तुमचं आडनाव कळू नये. ज्याला हे जमत नाही त्यानं संविधानाचे बाकीचे विषय घ्यावेत, विधिशास्त्र घेऊ नये.

भाषेच्या हक्कांकडं मात्र खुशाल वळा. पण नुसतं ‘हक्क’ म्हणून नव्हे, हत्यार घेऊन. १९१३ मध्ये होफेल्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं दाखवलं की आपण ‘हक्क’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबतो: दुसऱ्यावर कर्तव्य टाकणारा दावा, नुसती मोकळीक, दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याचा अधिकार, आणि दुसऱ्याच्या अशा अधिकारापासून असलेलं संरक्षण. आता अनुच्छेद ३५०-अ घ्या. अल्पसंख्य भाषिक गटांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रत्येक राज्य आणि स्थानिक प्राधिकरण ‘प्रयत्न करील’. हा अनुच्छेद सातव्या घटनादुरुस्तीनं आला, आणि ती दुरुस्ती अमलात आली १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे ज्या सकाळी आपण भाषिक अल्पसंख्य झालो, त्याच सकाळी हा अनुच्छेद जन्मला. प्रश्न असा की ‘प्रयत्न करील’ यातून खानापूरच्या पोराला काय मिळतं? दावा मिळतो का? मिळत असेल तर कर्तव्य कुणावर, राज्यावर की ग्रामपंचायतीवर, आणि किती प्रयत्न म्हणजे पुरेसा?

शेजारीच २०१४ चा पाच न्यायाधीशांचा निकाल ठेवा, कर्नाटक सरकार विरुद्ध इंग्रजी माध्यमाच्या शाळांची व्यवस्थापनं. मूल कुठल्या माध्यमातून शिकणार हे निवडणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, त्याची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवणार, आणि मातृभाषेची सक्ती राज्याला करता येत नाही, असा निर्णय झाला. होफेल्डच्या चष्म्यातून बघितलं तर पालकांना सक्तीपासून संरक्षण मिळालं. पण गावात मराठी शाळा चालू ठेवाच असा दावा मात्र या निकालातून निघत नाही. मोर्चातल्या घोषणेत हे दोन्ही ‘आमचा हक्क’ असतात. तुमच्या प्रबंधात ते वेगळ्या प्रकरणांत हवेत. आणि २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठानं अल्पसंख्य कोण ते राज्य हा घटक धरून ठरवायचं म्हटलं आहे. म्हणजे चंदगडातली तुमची मावशी बहुसंख्य आणि तुम्ही अल्पसंख्य. हक्क माणसाला चिकटतो, गटाला की नकाशाला, हे यातून विचारता येतं.

वाचनाचं थोडक्यात सांगतो. परीक्षेच्या गाईडांत विधिशास्त्र म्हणजे पाच-सहा ‘स्कूल’, प्रत्येक स्कूलमध्ये चार नावं, प्रत्येक नावाखाली गुण-दोष. ते वाचून पास होता येतं, विषय मात्र कळत नाही. हार्टचं मूळ पुस्तक घ्या आणि पाचव्या प्रकरणापासून सुरू करा, मग चौथं, मग सहावं. त्यानंतर १९५८ चे हार्ट आणि फुलरचे हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमधले दोन लेख एकापाठोपाठ. नाझी राजवटीतले कायदे कायदे होते का, या वादाला आपल्याकडचा जोड म्हणजे १९७६ चा ए.डी.एम. जबलपूर निकाल: आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्याला न्यायालयात दाद मागता येते का, यावर चार न्यायाधीश एका बाजूला आणि एकटे खन्ना दुसऱ्या. तो २०१७ मध्ये खासगीपणाच्या निकालात रद्दबातल ठरवला गेला. खन्नांचं निकालपत्र पूर्ण वाचा, उतारे नव्हेत, आणि मग बहुमताचं वाचा. बहुमताची निकालपत्रं कुणी वाचत नाही. ती जास्त शिकवतात. ड्वॉर्किनचा १९६७ चा नियमांवरचा लेख त्याच्यानंतर. केल्सन शेवटी, कारण तो रुक्ष आहे आणि आधी हातात घेतलात तर विषयच सोडाल. भारतीय परंपरा हवी असेल तर पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास आहे; त्यातला ‘व्यवहारा’चा, म्हणजे न्यायदानाचा भाग बघा. हिंदू वारसा आणि वाटणीच्या कायद्याचा आधार असलेली मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानं लिहिली ती कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, हे आपल्याकडच्या पुष्कळ वकिलांना ठाऊक नसतं, रोज वाटणीचे दावे चालवूनही.

इंग्रजीचं म्हणाल तर धास्ती सोडा, पण कष्ट सोडू नका. हार्टचं इंग्रजी अवघड नाही, लांब आहे. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि त्यात लेखक नेमकं काय म्हणतोय ते वहीत मराठीत दोन ओळींत लिहायचं. लिहिता आलं नाही तर इंग्रजी कमी पडलं असं नसतं, मुद्दा कळलेला नसतो. इंग्रजी माध्यमाची पोरंही तिथंच अडतात, फक्त त्यांना ते लक्षात येत नाही. मग त्याच दोन ओळी इंग्रजीत. रोज एक पान एवढंच. वर्षभर केलंत तर प्रबंधाचं इंग्रजी आपोआप येईल. कन्नडही वाचता आलंच पाहिजे. तालुका कोर्टातली कागदपत्रं, शासनाची परिपत्रकं कन्नडमध्ये असतात आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याचं संशोधन अर्धवट राहतं. याबाबत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

प्रवेशाचं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा अभ्यासक्रम एक वर्षाचा; त्यासाठी बहुतेक ठिकाणी क्लॅट या सामायिक प्रवेश परीक्षेतली पदव्युत्तर परीक्षा, १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. आपल्याकडची महाविद्यालयं हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी जोडलेली, तिथं दोन वर्षं. निव्वळ विधिशास्त्राचा गट बहुतेक ठिकाणी मिळत नाही. घटनात्मक कायद्याचा गट घ्या आणि प्रबंध सिद्धांतावर करा. एक वर्षाचा अभ्यासक्रम धावपळीचा असतो, वाचायला आलेल्या माणसाला तो पुरत नाही. पण ग्रंथालय आणि सोबतचे विद्यार्थी चांगले मिळतात. तुमच्यासारखीनं, कोर्ट सुटू नये असं वाटत असेल तर, दोन वर्षांचा घ्यावा असं मी सांगेन. आणि महाविद्यालयाच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण ते आधी बघा. मूळ पुस्तकं वाचणारा मार्गदर्शक मिळत नसेल तर बेंगळुरू काय आणि बेळगाव काय.

घरच्यांना काय सांगायचं? खरं सांगा: विधिशास्त्रातल्या एल.एल.एम.नं अशिलाची फी वाढत नाही. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेलाही ते लागत नाही. प्राध्यापकी करायची तर एल.एल.एम.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी, आणि नेटच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाचं पहिलंच प्रकरण विधिशास्त्र आहे. पण कोर्टात त्याचा उपयोग नाही हे मात्र खोटं. तहसीलदारानं एखाद्या परिपत्रकाचा आधार घेऊन वारसाची डायरी, म्हणजे उताऱ्यावर वारसाचं नाव लावायची नोंद, नाकारली, तर ‘परिपत्रक नियमाच्या वर जाऊ शकत नाही आणि नियम कायद्याच्या वर’ हा युक्तिवाद म्हणजे केल्सनची उतरंडच: खालचा नियम वरच्या नियमाच्या आधारावरच उभा असतो. न्यायाधीशासमोर केल्सनचं नाव घ्यायची गरज नाही. घेऊही नये, तिथं चेहरे पडतात.

सीनिअरांचं पाच वर्षांचं म्हणणं मला जास्त वाटतं. दोन वर्षं पुरेत, पण ती दोन वर्षं खरी हवीत: साक्षीपुरावा बघा, जुने दस्त हाताळा, एखादा दावा सुरुवातीपासून निकालापर्यंत बघा. पुरावा नोंदवताना न बसलेला माणूस ‘तथ्य’ या शब्दावर फार सहज लिहितो.

विषय अजून ठरला नसेल तर एक देतो, कुणीही घ्यावा. १९५६ पूर्वीचे मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे बेळगावच्या न्यायाधीशावर बंधनकारक की नुसते मार्गदर्शक, आणि याचं उत्तर कलम ११९ मध्ये शोधायचं की पूर्वनिर्णयाच्या, म्हणजे आधीचे निवाडे पुढं पाळायचे या, सिद्धांतात? धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे आणि २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, म्हणजे एकाच मुळातून निघालेले दोन निवाड्यांचे प्रवाह निपाणीच्या दोन बाजूंना वाचायला मिळतील. आधी दोन पानांचा आराखडा करा: प्रश्न एका वाक्यात, तो प्रश्न का पडतो ते एका परिच्छेदात, आणि तुमच्या उत्तराच्या विरोधातला सगळ्यात जोरदार मुद्दा उरलेल्या जागेत. मार्गदर्शकाकडं जाताना तो सोबत न्या, मार्क्सशीट नंतर दाखवा.